विश्लेषण : धाराशिवच्या माळावरील मुनिया आफ्रिकेतील रंगीत फिंचची भावकी कशी? तिला पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा का?

धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्य २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेल्या वाघामुळे राज्यभर चर्चेत आले. मात्र या कोरडवाहू जिल्ह्याच्या माळांवर, बांधांवर आणि तलावांच्या काठी वर्षभर राहणाऱ्या बोटभर आकाराच्या पाखरांची चर्चा फारशी होत नाही. मुनिया या नावाने ओळखले जाणारे हे पक्षी आफ्रिकेच्या कोरड्या झुडपी रानात राहणाऱ्या रंगीबेरंगी फिंचच्या कुळातील आहेत. एकेकाळी पिंजऱ्यांतून युरोपात गेलेली लाल मुनिया आजही देशात चोरून विकली जाते. दुसरीकडे, ती जिथे राहते ते गवत ‘पडीक’ ठरवून मोडले जात आहे. हे पक्षी कोणते, परदेशी फिंच पाळता येतात मग मुनिया का नाही आणि माळ गेला तर काय जाईल, याचा हा आढावा.

मुनिया म्हणजे नेमका कोणता पक्षी?

मुनिया चिमणीपेक्षाही लहान. लांबी साधारण १० ते ११ सेंटिमीटर, वजन जेमतेम १० ग्रॅमच्या आसपास. जाड, शंकूच्या आकाराची आखूड चोच ही तिची मुख्य ओळख. ही चोच गवताचे बारीक बी सोलण्यासाठी घडलेली आहे. मुनिया थव्याने राहते, गवताच्या काडीला लटकून बी खाते आणि गवताचाच गोल, चेंडूसारखा खोपा करते. त्याला बाजूने शिरण्याचे तोंड असते. अंडी पांढरीशुभ्र असतात.

इंग्रजीत अशा जाड चोचीच्या अनेक पक्ष्यांना सरसकट ‘फिंच’ म्हणतात. मात्र हा शब्द सैल आहे. युरोपातील खरे फिंच वेगळ्या कुळातील आहेत. मुनिया ज्या कुळात येते त्याला शास्त्रीय भाषेत ‘एस्ट्रिल्डिडी’ म्हणतात. या कुळात सुमारे १४० जाती असून त्या आफ्रिका, दक्षिण आशिया ते ऑस्ट्रेलिया अशा उष्ण पट्ट्यात पसरल्या आहेत. आपल्याकडे विहिरीवर लोंबते खोपे विणणारी सुगरण ही या कुळाची जवळची नातेवाईक. घरातील चिमणी मात्र तिसऱ्याच कुळातील.

आफ्रिकेतील नातेवाईक कोण?

या कुळाची सर्वाधिक रंगीत मंडळी आफ्रिकेत आहेत. ‘व्हायोलेट-इअर्ड वॅक्सबिल’ हा त्यातील एक देखणा पक्षी. नामिबिया, बोत्स्वाना, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका या देशांतील कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात तो राहतो. नराचे अंग तांबूस-तपकिरी, गालांवर गडद जांभळे ठसे, कपाळावर व शेपटीच्या बुडाशी निळा रंग आणि लाल चोच. गवताचे बी हे त्याचे मुख्य अन्न, जोडीला वाळवी. कलहारीच्या परिसरातील ही काटेरी झाडे आपल्या बाभळीच्याच भावकीतील आहेत. त्यामुळे बालाघाटच्या माळावर वाढलेल्या माणसाला तो प्रदेश अगदीच परका वाटणार नाही.

याहून जवळचे नाते आहे ते पांढऱ्या कंठाच्या मुनियेचे. मराठवाड्यात कोरड्या माळावर दिसणारी ही मुनिया आणि सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यातील ‘आफ्रिकन सिल्व्हरबिल’ इतक्या सारख्या दिसतात, की पूर्वी दोन्ही एकच जात मानल्या जात. आता त्या स्वतंत्र जाती धरल्या जातात. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. आपल्या मुनियेचे शेपटीच्या बुडाचे पीस पांढरे, तर आफ्रिकेतील बहिणीचे काळे.

आफ्रिकेतील या पाखरांच्या वाट्याला एक संकट अधिक आहे. आपल्याकडे कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तशी तिकडे ‘व्हायडा’ नावाची पाखरे या कुळातील पक्ष्यांच्या खोप्यात अंडी घालतात. जांभळ्या गालाच्या वॅक्सबिलच्या खोप्यात ‘शाफ्ट-टेल्ड व्हायडा’चे पिल्लू वाढते. या कुळातील पिल्लांच्या तोंडात ठिपक्यांची ठरावीक नक्षी असते. पिल्लाने चोच उघडली, की ती नक्षी पाहून आई-बाप घास भरवतात. व्हायडाच्या पिल्लाच्या तोंडात अगदी तशीच नक्षी उमटलेली असते. इतकेच नव्हे, तर व्हायडाचा नर मोठेपणी यजमान पक्ष्याच्या गाण्याची नक्कलही करतो. आपल्याकडच्या मुनियांना या पाहुण्याचा त्रास नाही.

धाराशिवमध्ये कोणती मुनिया कोठे शोधावी?

धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. त्यातील जंगलाचे प्रमाण १ टक्क्याच्याही आत आहे. बालाघाटच्या रांगा, खडकाळ पठारे, काळ्या जमिनीची शेते आणि मधूनमधून तलाव असे इथले भूरूप. साहजिकच हा जिल्हा घनदाट जंगलातील पक्ष्यांचा नाही. तो माळावरच्या पक्ष्यांचा आहे.

कोरड्या माळावर, बाभळी-बोरीच्या झुडपांत आणि शेताच्या कुंपणावर पांढऱ्या कंठाची मुनिया शोधावी. पाठ मातकट, पोट पांढरे, शेपटी काळी व टोकदार आणि चोच चंदेरी-राखाडी. रंगाने साधी असल्याने ती अनेकदा चिमणी समजून दुर्लक्षिली जाते. काटेरी झुडपात ती स्वतःचा खोपा करते किंवा सुगरणीने सोडून दिलेला खोपा वापरते. पाऊस कमी, ऊन जास्त आणि गवत विरळ, हे तिला मानवते.

ठिपकेवाली मुनिया शेतांच्या कडेने, बागांत आणि वस्तीजवळही राहते. वरून तपकिरी, खाली पांढऱ्या छातीवर खवल्यांसारखी नक्षी. गावातील शोभेच्या झुडपातही ती खोपा करते.

सर्वांत देखणी ती लाल मुनिया. मात्र तिला अगदी कोरडा माळ चालत नाही. तलाव, ओढे, कालवे यांच्या काठचे उंच गवत, पाणकणसे आणि उसाचे फड ही तिची जागा. परंड्याजवळील सीना-कोळेगाव प्रकल्प किंवा नळदुर्गजवळील बोरी नदीवरील जलाशय अशा पाणवठ्यांच्या कडेला जिथे गवत शिल्लक आहे, तिथे पावसाळ्यात आणि त्यानंतर तिचा शोध घेता येतो. उन्हाळ्यात लाल नर शोधत गेल्यास हाती काहीच लागत नाही. कारण त्या काळात तो लाल नसतो.

लाल रंग येतो कुठून आणि जातो कुठे?

लाल मुनियेचा नर पावसाळ्यात, म्हणजे विणीच्या हंगामात, शेंदरी-लाल होतो. त्यावर पांढरे बारीक ठिपके पडतात. हंगाम सरला, की पिसे गळतात आणि नवी पिसे मातकट येतात. मग नर व मादी जवळजवळ सारखेच दिसतात. लाल चोच आणि शेपटीच्या बुडाचा लाल ठसा एवढीच खूण उरते. वर्षातून असा पोशाख बदलणे ही एस्ट्रिल्डिडी कुळातील दुर्मीळ गोष्ट आहे. आफ्रिकेतील जांभळ्या गालाचा वॅक्सबिल वर्षभर एकाच रंगात राहतो.

लाल रंगाचे मूळ अन्नात आहे. पक्षी लाल रंगद्रव्य स्वतः शून्यातून तयार करू शकत नाहीत. बियांतून व किड्यांतून मिळणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याचे शरीरात लाल रंगद्रव्यात रूपांतर होते. हे काम करणारे जनुक कोणते, याचा शोध २०१६ मध्ये लागला. याच कुळातील झेब्रा फिंच आणि पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी यांच्यावरील अभ्यासातून तो पुढे आला. थोडक्यात, लाल नर म्हणजे पोटभर आणि योग्य अन्न मिळालेला, तब्येतीने ठणठणीत नर. मादी त्याची निवड करते तेव्हा ही खूण उपयोगी पडत असावी, असे मानले जाते.

पिंजऱ्यातील मुनियेचा रंग का उतरतो, याचे उत्तरही इथेच आहे. नुसत्या राळ्यावर ठेवलेल्या नराचा लाल रंग पुढच्या पिसांत फिका किंवा काळपट होऊ शकतो. म्हणजे ज्या रंगासाठी पाखरू पकडले, तो रंगच पिंजऱ्यात टिकत नाही.

लाल मुनियेचा अहमदाबादशी संबंध काय?

लाल मुनियेचे शास्त्रीय नाव ‘अमंडावा अमंडावा’. इंग्रजीत तिला ‘रेड अवदवत’ म्हणतात. हे दोन्ही शब्द अहमदाबाद या शहराच्या नावाच्या अपभ्रंशातून आले आहेत. पिंजऱ्यात ठेवण्यासाठी ही पाखरे अहमदाबादमार्गे परदेशी जात. त्यामुळे युरोपीय लोकांच्या तोंडी पाखराचे नाव आणि शहराचे नाव एकच झाले. १७५८ मध्ये कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्राण्यांना शास्त्रीय नावे देताना तेच नाव कायम केले. बाजाराचे नाव शास्त्रीय नावात गोठून राहिल्याचे हे उदाहरण आहे.

या व्यापाराचे परिणाम आजही दिसतात. पिंजऱ्यांतून निसटलेल्या किंवा सोडलेल्या लाल मुनियांची वस्ती स्पेन, इजिप्त, फिजी, हवाई, जपान अशा दूरदूरच्या ठिकाणी झाली आहे. स्पेनमधील नदीकाठच्या बोरूत भारतीय लाल मुनिया खोपे करतात.

परदेशी फिंच पाळता येतात, मग मुनिया का नाही?

इथेच अनेकांचा गोंधळ होतो. शहरांतील दुकानांत छोट्या पिंजऱ्यात रंगीत फिंच उघड विकले जातात. मग माळावरचे पाखरू आणून पाळले तर काय बिघडले, असा प्रश्न विचारला जातो. फरक पाखराच्या आकारात किंवा रंगात नाही. ते मूळचे कुठले आहे, यात आहे.

दुकानातील लाल चोचीचे, नराच्या गळ्यावर बारीक पट्टे असलेले झेब्रा फिंच मूळचे ऑस्ट्रेलियातील. ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढवले जातात. ‘बंगाली फिंच’ नावाने विकले जाणारे पाखरू तर रानात अस्तित्वातच नाही. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून पूर्व आशियात काही शतकांपूर्वी ते माणसाने घडवले, जसे रानकोंबड्यापासून गावठी कोंबडी घडली. हे पक्षी भारतातील वन्यजीव नाहीत.

याउलट लाल, ठिपकेवाली, पांढऱ्या कंठाची, तिरंगी अशा सर्व देशी मुनिया वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार संरक्षित आहेत. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. दुकानात, आठवडी बाजारात किंवा समाजमाध्यमावरील जाहिरातीतून विकली जाणारी देशी मुनिया पिंजऱ्यात जन्मलेली आहे, असे विक्रेत्याने कितीही सांगितले तरी तो व्यवहार बेकायदाच ठरतो.

परदेशी पाखरांनाही सरसकट मोकळीक नाही. राखी रंगाची, गुलाबी चोचीची ‘जावा’ ही पाळीव पाखरांच्या बाजारात लोकप्रिय आहे. पण इंडोनेशियातील तिच्या मूळ रानात ती धोक्यात आलेली जात आहे आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश आहे. या करारातील प्राणी-पक्षी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत घेतले आहेत. केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढलेल्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पिल्लांचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतर यांचीही नोंद अपेक्षित आहे.

कायद्यात शिक्षा काय आहे?

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने सर्वसाधारण उल्लंघनासाठीच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजार रुपयांवरून १ लाख रुपये झाली. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा याहून कडक आहे.

‘शिकार’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ व्यापक आहे. मारणे तर आलेच, शिवाय पकडणे, जाळ्यात अडकवणे, तसा प्रयत्न करणे हेही शिकारच. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटे मोडणे, विस्कटणे यांचाही त्यात समावेश होतो. त्यामुळे मौज म्हणून मुनियेचा खोपा काढून घरी आणणे हेही कायद्याच्या कक्षेत येते.

‘रंगीत मुनिया’ म्हणजे काय प्रकार आहे?

लाल मुनिया मिळाली नाही, तर साध्या मुनियेला रंग फासून विकण्याचा प्रकार पक्षी बाजारात जुना आहे. हिरव्या, गुलाबी, पिवळ्या अशा निसर्गात नसलेल्या रंगांत बुडवलेली पाखरे ‘परदेशी’ म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जातात. रंगातील रसायने पाखराच्या पिसांवर, त्वचेवर आणि चोचीने पिसे साफ करताना पोटातही जातात. काही महिन्यांत पिसे गळली, की रंग जातो. तोवर बहुतेक पाखरे जगत नाहीत.

दुसरा प्रकार पुण्य कमावण्याचा. काही शहरांत पिंजऱ्यातील पाखरे विकत घेऊन सोडून देण्याची प्रथा आहे. हेतू चांगला असला, तरी त्यामुळे विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळते आणि तो पुन्हा तेवढीच पाखरे धरून आणतो. दमलेले, पंख मोडलेले पाखरू शहरात सोडले, तर ते मांजराच्या किंवा कावळ्याच्या तोंडी जाते. पाखरू विकत घेऊन सोडण्यापेक्षा तक्रार करणे अधिक उपयोगाचे.

मुनिया पिकांचे नुकसान करते का?

मुनियेचे मुख्य अन्न गवताचे बी. मारवेल, पवना, कुसळी अशा गवतांच्या ओंब्या पिकल्या, की थवे त्यावर उतरतात. बाजरी, राळा, भात यांच्या ओल्या दाण्यावरही त्या कधी कधी येतात. बारीक धान्याच्या शेताशेजारी उंच गवत असेल, तर कडेच्या काही ओळींचे थोडे नुकसान होऊ शकते. मात्र मुनियेची चोच आणि भूक दोन्ही लहान आहेत. त्यावर पूर्वीपासून राखण, गोफण आणि बुजगावणे हेच उपाय होते आणि ते पुरत.

आता चित्र उलटे आहे. धाराशिवच्या खरिपात सोयाबीनने मोठा भाग व्यापला आहे. सोयाबीनचा दाणा मुनियेच्या कामाचा नाही. बारीक धान्ये कमी झाली आणि बांधावरचे गवत तणनाशकाने जाळले जाऊ लागले, तेव्हा शेतातून तिचे अन्न दोन्ही बाजूंनी कमी झाले. मुनियेमुळे शेतकऱ्याचे होणारे नुकसान किरकोळ, पण बदललेल्या शेतीमुळे मुनियेचे होणारे नुकसान मोठे, असा हा हिशेब आहे.

खरा धोका पिंजऱ्याचा की माळ संपण्याचा?

दोन्ही आहेत, पण जिल्ह्याच्या पातळीवर दुसरा मोठा आहे. पिंजऱ्यासाठी पकडलेली पाखरे मोजता येतात. गवत मोडल्यावर जे थवे पुन्हा येतच नाहीत, त्यांची मोजदाद होत नाही.

यामागे एक जुना गैरसमज आहे. जंगल म्हणजे झाडे आणि झाडे नाहीत ती जमीन पडीक, अशी आपली समजूत आहे. सरकारी कागदांतही तीच उतरली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने तयार होणाऱ्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी माळ हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला जातो. एकदा जमीन पडीक ठरली, की तिचा ‘विकास’ करण्याकडे कल वाढतो. मग तिथे चर खणून झाडे लावली जातात, पवनचक्क्या व सौर प्रकल्प उभे राहतात, मुरमाच्या खाणी निघतात किंवा जमीन नांगराखाली येते.

यातील प्रत्येक गोष्ट वाईट आहे असे नाही. दुष्काळी जिल्ह्याला वीज, पाणी आणि उत्पन्न हवेच. मुद्दा जागेच्या निवडीचा आहे. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. अशा मोहिमांत गवताळ माळावर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लागली, तर झाडांची संख्या वाढते, पण सावलीत गवत मरते आणि त्यासोबत गवतावर जगणारे जीवही जातात. माळढोक हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज हे माळढोकासाठी राखलेले अभयारण्य, पण आज तिथे माळढोक दिसणे जवळजवळ दुरापास्त झाले आहे. माळढोकाच्या वेळी जे उशिरा कळले, ते मुनियेच्या वेळी वेळेत कळायला हरकत नाही.

देशभरातील पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारित ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. उघड्या माळांवर आणि गवताळ प्रदेशांत राहणाऱ्या पक्ष्यांची घट त्यात ठळकपणे नोंदवली आहे.

मग मुनिया नामशेष होत आहे का?

नाही. वर उल्लेखलेल्या चारही देशी मुनिया जागतिक पातळीवर सध्या ‘कमी चिंतेच्या’ गटात आहेत. भारतातच आढळणारी हिरवी मुनिया मात्र जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. ती मध्य भारताच्या काही भागांत तुरळक उरली आहे आणि तिच्या ऱ्हासामागे पिंजऱ्यासाठीची धरपकड हे एक प्रमुख कारण मानले जाते. लाल मुनियेची ही सख्खी बहीण. एका बहिणीचे जे झाले, ते दुसरीचे होऊ नये, एवढाच सावधगिरीचा अर्थ.

शिवाय ‘जगात भरपूर आहे’ आणि ‘आपल्या गावात आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पेनमध्ये लाल मुनिया सुखरूप असली, तरी परंड्याच्या तलावाकाठचे गवत जळून गेले, तर तिथल्या मुलांना ती दिसणार नाही.

शेळ्या चारल्याने माळ संपतो का?

उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याची देशभर ओळख. माळ राखायचा म्हणजे चराई बंद करायची, अशी भीती पशुपालकांना वाटते. ती अनाठायी आहे. माफक चराईने माळ मोकळा राहतो आणि झुडपे अति माजत नाहीत. अडचण होते ती एकाच जागी वर्षभर चराई झाल्यास. कारण मग गवताला बी धरण्याची संधीच मिळत नाही. बी नाही तर पुढच्या वर्षी गवत नाही, आणि गवत नाही तर शेळीलाही चारा नाही आणि मुनियेलाही दाणा नाही. पावसाळ्यात माळाचा एक भाग आळीपाळीने राखून ठेवणे आणि बी पडल्यावर तो चराईला खुला करणे, ही जुनी ‘कुरण राखण्याची’ पद्धत दोघांच्याही फायद्याची आहे.

वणव्यांचेही तसेच. ‘जाळले की गवत चांगले फुटते’ या समजुतीने हिवाळ्याच्या शेवटी माळ पेटवले जातात. पांढऱ्या कंठाची मुनिया दक्षिण भारतात हिवाळ्यातही वीण करते. त्या वेळी लागलेली आग खोप्यातील अंडी आणि पिल्ले दोन्ही संपवते.

सामान्य नागरिकाला काय करता येईल?

पहिली गोष्ट, देशी मुनिया विकत घेऊ नये. दुकानदार ‘फिंच’ म्हणत असेल, तर ती जात कोणती, हे विचारावे. मातकट अंगावर उग्र हिरवा-गुलाबी रंग आणि बोटाला रंग लागत असेल, तर ते रंगवलेले देशी पाखरू असण्याची शक्यता मोठी.

दुसरी, विक्री किंवा जाळी लावल्याचे दिसले, तर जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. ठिकाण, वेळ आणि शक्य असल्यास छायाचित्र द्यावे. विक्रेत्याशी स्वतः वाद घालू नये.

तिसरी, घरात आधीपासून देशी मुनिया असेल, तर ती परस्पर सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेले पाखरू अन्न शोधू शकेलच असे नाही. वन विभागाशी संपर्क साधून ते सुपूर्द करणे योग्य.

चौथी, शेतकऱ्यांनी एखादा तरी बांध, ओढ्याचा एखादा काठ तणनाशकाविना ठेवावा. तिथे मारवेलसारखे गवत वाढले, तर जनावराला चारा मिळतो, बांधाची माती धरून राहते आणि पाखरांना बी मिळते. ग्रामपंचायतींनी वृक्षलागवडीची जागा ठरवताना गायरानाचा गवताळ भाग वगळून रस्त्याकडेची, शाळेभोवतीची आणि गावठाणातील जागा आधी निवडावी.

पाचवी, दिसलेल्या पाखराची नोंद करावी. ‘ई-बर्ड’ या मोफत अॅपवर जागा, तारीख आणि संख्या टाकता येते. पुणे, मुंबईच्या तुलनेत मराठवाड्यातून होणाऱ्या नोंदी विरळ असतात. नोंद नसेल तर तो पक्षी तिथे नव्हताच, असे कागद सांगतो. एखाद्या माळावर प्रकल्प येण्याआधी तिथे काय होते, हे दाखवायचे असेल, तर अशा साध्या नोंदीच पुरावा ठरतात.

धाराशिवला जंगल नाही, म्हणून जपण्यासारखे काही नाही, असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. आफ्रिकेतील कोरड्या झुडपी रानांत त्याच कुळातील रंगीत पाखरे पाहण्यासाठी पर्यटक जगभरातून येतात. त्यांची भावकी आपल्या बांधावर फुकट दिसते. अट एवढीच, की बांधावर गवत हवे.